सात दिवसांचा कोर्स

‘कॅप्सूल चालू आहे ना?’ डॉक्टर योगिनींनी यंत्रातून नजर न काढता विचारलं. हितेशच्या आईची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकलेली होती, कपाळ वरच्या पट्ट्याला दाबलेलं होतं आणि मान हलवायची काही सोय नव्हती. ती दातांतल्या दातांत म्हणाली, ‘हाय. चालू हाय. पोरगा देतंय नेमानी.’ डॉक्टर ‘हं’ म्हणाल्या आणि निळ्या दिव्याची फट तिच्या डोळ्यावरून आणखी एकदा फिरवली. हितेश पाठीमागच्या स्टुलावर बसला होता. त्याच्या मांडीवर आईची पिशवी होती, पिशवीत थेंबांच्या चार बाटल्या होत्या, आणि कॅप्सूल नव्हती. बारा दिवसांपूर्वी त्यानंच ती बंद केली होती. हे सांगायला वेळ किती लागतो? ‘नाही डॉक्टर, बंद केलेली’ हे म्हणायला दोन सेकंद पुरतात. ते दोन सेकंद आले, त्याच्यासमोर उभे राहिले, आणि गेले. मग डॉक्टरांनी दिवा मालवला, खोलीतली ट्यूबलाइट लावली आणि म्हणाल्या, ‘मग हे असं व्हायला नको होतं.’

हितेशला कोणी गप्प बसणारा माणूस म्हणणार नाही. ठाकुर्ली पूर्वेला त्याचं मेडिकलचं दुकान बावीस वर्षं चालू आहे. वडिलांच्या, म्हणजे गोविंदाशेटच्या, जमिनीवर जी बिल्डिंग उभी राहिली तिच्या तळमजल्यावरचे दोन गाळे कुटुंबाच्या वाट्याला आले. एका गाळ्यात त्यानं हे दुकान टाकलं. गावात डी.फार्म. झालेला तो पहिला. त्यामुळे जुनी माणसं त्याला अजून डॉक्टर म्हणतात आणि तो नको म्हणत नाही. एखाद्यानं घसा दाखवला की हा काउंटरवरून वाकून बघणार, हातातली चिठ्ठी बघून ‘ह्यांनी हे का लिहिलं?’ असं स्वतःशीच पण ऐकू जाईल असं म्हणणार. आणि अँटिबायोटिक म्हटलं की त्याच्या अंगात येतंच. कोर्स पूर्ण करा, मध्येच सोडू नका. आणि कोर्स संपला की वर एक गोळी घेऊ नका, जंतू निर्ढावतात. हे प्रवचन ऐकल्याशिवाय त्याच्या दुकानातून पट्टी बाहेर पडत नाही. बायको दिशा दुपारी काउंटरवर बसते. ती सरळ म्हणते, गिऱ्हाइकाला औषध हवंय, तुझं कीर्तन नको. पण तो खरंच ते मनापासून सांगतो. चुकीचं औषध गिळणारी माणसं बघितली की त्याला खरोखरीचा त्रास होतो. तेव्हा त्याच्या चुकीला आळस म्हणता येत नाही, दुर्लक्षही म्हणता येत नाही. ती नुसती चूक असती तर बरं झालं असतं. ती त्याच्या हुशारीतून आली होती.

तीन आठवड्यांपूर्वी कमळाबाई, म्हणजे त्याची आई, ओट्यावर तंबाखू मळत बसली होती. चुन्याच्या प्लास्टिकच्या ट्यूबचं तोंड सुकून बंद झालं होतं. तिनं ते टाचणीनं उकरलं, डोळ्यांजवळ धरून बघितलं आणि दाबलं. चुना पिचकारीसारखा उजव्या डोळ्यात गेला. हितेश दुकानातून धावत आला आणि त्यानं जे केलं ते शंभर टक्के बरोबर केलं. शेजारीण दूध घाला, तूप घाला म्हणत होती, तिला बाजूला सारून त्यानं आईचं डोकं नळाखाली धरलं आणि पाऊण तास धरून ठेवलं. आई ओरडत होती, त्याचा शर्ट भिजला होता, तो पापणी उलटून चुन्याचे पांढरे कण ओल्या कापसानं काढत होता. दुसऱ्या दिवशी ठाण्यात, खोपटच्या एस.टी. आगारापलीकडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर योगिनींनी तपासलं आणि म्हणाल्या, ‘डोळा शिल्लक आहे तो तुम्ही धुतलात म्हणून.’ त्यावर हितेशनं सांगितलं की मी फार्मासिस्ट आहे. विचारलं कोणीच नव्हतं. डॉक्टर हसल्या, मनापासून हसल्या, आणि चिठ्ठी त्याच्याकडे सरकवत म्हणाल्या, ‘मग तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही बघालच.’ बाहेर बसलेल्या दुसऱ्या पेशंटच्या मुलाला त्याच डॉक्टरांनी दहा मिनिटं एकेक बाटली हातात धरून समजावलेलं त्यानं नंतर पाहिलं, आणि त्याला थोडी फुशारकीच वाटली.

चिठ्ठीवर थेंब होते, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या होत्या आणि डॉक्सी, म्हणजे डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक कॅप्सूल होती, शंभर मिलिग्रॅमची, सकाळ-संध्याकाळ. डॉक्सी त्याच्या दुकानात पोत्यानं खपते. लेप्टोला देतात, मुरुमांना देतात, छातीच्या कफाला देतात. आईच्या डोळ्यात जखम, जखमेत जंतू जाऊ नयेत म्हणून डॉक्सी, यात विचारण्यासारखं त्याला काही दिसलं नाही. आठव्या दिवशी ते पुन्हा दाखवायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, ‘छान. जंतूंचा मागमूस नाही. सगळं तेच चालू ठेवा.’ घरी आल्यावर आईनं ताट सरकवलं. पोटात आग पडतेय, अन्नावरची वासना उडाली म्हणाली. हितेशनं पट्टी हातात घेतली. थेंबांत एक अँटिबायोटिक आहेच. जंतूंचा मागमूस नाही असं डॉक्टरच म्हणाल्या. सात दिवस झाले. वर ही आग. त्यानं पट्टी खणात टाकली. ‘हिरवी गोली नाय आज?’ आईनं विचारलं. ‘तिचा कोर्स संपला, आये,’ तो म्हणाला. ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती जेवायला लागली आणि हितेशला वाटलं, बघा, आपण नसतो तर ह्या बाईला महिनाभर उगाच डॉक्सी गिळावी लागली असती.

आणि आता, कॅप्सूल चालू असूनही हरली असं समजून, डॉक्टर योगिनी ती कॅप्सूल कशासाठी होती ते समजावत होत्या. कागदावर त्यांनी एक कमान काढली. हा कॉर्निया, बुबुळावरची काच. काच म्हणायचं, पण आहे कोलॅजनची, म्हणजे प्रथिनाच्या धाग्यांची, रचून रचून पारदर्शक केलेली. चुन्यानं वरचं कातडं जळलं. ते भरून येईपर्यंत आतला थर उघडा. मग शरीर आपली माणसं पाठवतं, जळकं-सडकं साफ करायला. त्यांच्याकडे एन्झाइम असतात, प्रथिन कातरणारे. ‘ते वाईट नसतात. जुनं तोडल्याशिवाय नवं बांधता येत नाही. सगळ्यांच्या डोळ्यात असतात, आणि त्यांना आवरणारेही असतात. पण जखम बंद होत नाही तोवर हे कातरत सुटतात, आणि चांगलं-वाईट त्यांना कळत नाही. कॉर्निया विरघळायला लागतो. ह्यांचा जाडीनं निम्म्याच्या खाली आलाय.’ कमानीच्या मधोमध त्यांनी पेनानं एक खळगा केला. ‘त्या एन्झाइमना काम करायला जस्त लागतं. डॉक्सी ते जस्त धरून ठेवते. म्हणून दिलेली. जंतूंशी तिचा काही संबंध नाही. तुम्हाला माहीतच असेल.’ हितेशनं मान हलवली. ही मान त्यानं का हलवली, हे त्याला पुढचे चार दिवस कळलं नाही.

कारण त्याला अर्धं माहीत होतंच, हीच तर गंमत. उल्हासनगरच्या कॉलेजात पाटणकर सर शिकवायचे की ही सगळी टेट्रासायक्लिनची घराणी, डॉक्सीसकट, धातूंना चिकटतात. म्हणूनच बावीस वर्षं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आला की ही दुधासोबत घेऊ नका, दह्यासोबत नको, लोहाच्या गोळीसोबत नको. चिकटते. धरून ठेवते. दुधातलं कॅल्शियम धरते हे पाठ होतं. शरीरात ती आणखी काय काय धरत असेल असा प्रश्न त्याला बावीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. जे येतं ते इतक्यांदा सांगितलं होतं की त्याच्या पलीकडे काही असेल असं वाटायला जागाच उरली नव्हती.

डॉक्टरांचा विचार आता दुसऱ्या दिशेनं चालला होता. सगळी औषधं नीट चालू असूनही डोळा विरघळतोय, म्हणजे नुसता चुना नाही, आतून काहीतरी आहे. सांधे दुखतात का? कमळाबाई पंच्याहत्तरीला आलेली, तिचे गुडघे दुखणार नाहीत तर कोणाचे? दुखतात म्हणाली. मग रक्ताच्या तपासण्या, शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, आणि सोमवारी ॲडमिट करून कलम. नेत्रपेढीतून आलेला कॉर्निया लावायचा. ‘सुजलेल्या डोळ्यात कलम टिकेलच असं नाही,’ डॉक्टर म्हणाल्या, ‘पण भोक पडायची वाट बघता येणार नाही.’ एका खोट्या वाक्यावर केवढी इमारत उभी राहत होती, हे हितेश बघत बसला. त्यातली प्रत्येक वीट डॉक्टर प्रामाणिकपणे रचत होत्या.

परत येताना माणकोलीच्या पुलावर खाडी लागली तेव्हा आईनं चांगल्या डोळ्यानं खाली बघितलं आणि काही बोलली नाही. एरवी खाडी दिसली की ती हमखास बोलते. इथं आपला खार व्हता, तिथं तुझ्या आज्याचा बांध. हितेशला एकदम वडील काम करायचे ते मिठागर आठवलं. तो नऊ वर्षांचा होता. उन्हाळ्याच्या शेवटी कुंड्यांत, म्हणजे मिठाच्या वाफ्यांत, मीठ धरलं होतं, पांढरं, डोळे दिपवणारं. पाणी आत घेण्याच्या तोंडाला एक फळी बसवलेली असायची. ती वर ओढली तर काय होतं ते बघायला त्यानं ओढली, आणि तशीच ठेवून पतंगामागे गेला. भरतीचं पाणी आत आलं आणि आठवड्याचं मीठ विरघळून गेलं. मुकादम शिव्या घालत आला तेव्हा आई म्हणाली, ‘माझा हात लागला.’ गोविंदाशेट त्यावर महिनाभर तिच्याशी धड बोलला नाही. आणि हितेश? त्याला तेव्हा वाईट वाटलं असं तो मोठेपणी सांगत आला, पण वाईट वाटलं नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं होतं. छातीवरून कोणीतरी गोणी उचलल्यासारखं. आज आई यंत्रावर हनुवटी टेकून ‘हाय, चालू हाय’ म्हणाली तेव्हाही अगदी तेच, त्याच जागी, तसंच वाटलं होतं. नऊ वर्षांच्या पोराला ते शोभतं. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला आपल्या छातीत ते जसंच्या तसं सापडलं तेव्हा त्याला स्वतःची किळस आली. गाडी मात्र तो नीट चालवत होता.

की तिला आठवतच नसेल? म्हाताऱ्या माणसाला काय, चार गोळ्या काय नि तीन काय. हा विचार त्यानं पुलावरून उतरेपर्यंत घट्ट धरून ठेवला. संध्याकाळी जेवणानंतर त्यानं खणातली पट्टी काढली आणि हिरवी कॅप्सूल तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती बोटांत धरून उजेडाकडे नेली, बघितली, त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि पाण्याबरोबर गिळली. कोर्सचं काय झालं असं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला निदान चिडता आलं असतं.

शुक्रवार, शनिवार, रविवार. हितेशनं स्वतःशी असा हिशोब मांडला की कॅप्सूल चालू झाली आहे, कातरणं थांबेल, सोमवारी डॉक्टर बघतील आणि म्हणतील, अरे वा. मग कलम नको, काही नको आणि कोणाला काही सांगायला नको. पण बारा दिवसांत गेलेलं चार दिवसांत येत नाही हे त्याला कळत होतं, आणि त्याचंच मन त्याला काउंटरवरच्या अडाणी गिऱ्हाइकासारखं विचारत होतं, दोन एकदम दिल्या तर? दुकानात नेहमीची माणसं येत राहिली. शनिवारी धाकूमामा, वडिलांचा मिठागरातला जोडीदार, रक्तदाबाची चिठ्ठी घेऊन आला. ‘काय डॉक्टर, कमळीचा डोला कसा?’ त्यानं विचारलं. चालू आहेत औषधं, हितेश म्हणाला. ‘तू हास म्हनून बरा. आमच्यासारख्याचं काय झालं असतं?’ मग त्यानं विचारलं, ह्यातली ही बारकी गोली बंद केली तं चालंल का, चक्कर येते. हे असं कोणी विचारलं की हितेशकडे उत्तर तयार असायचं. ह्या खेपेला तो पट्टी हातात धरून बघत राहिला आणि म्हणाला, ‘लिहून देणाऱ्याला विचार, मामा.’ धाकूमामाला वाटलं, आईच्या काळजीनं पोराचं लक्ष नाही. दिशालाही तसंच वाटलं. तिनं संध्याकाळी त्याच्यासाठी कोळंबी केली. ‘तुझ्यानं होतं तेवढं तू केलंस,’ ती म्हणाली. तो जेवला. घास चावता चावता त्याला सारखं जाणवत होतं की समोर आई बसली आहे, तिच्या डोळ्यावर हिरव्या फडक्याची पट्टी आहे, आणि त्या पट्टीमागे, ह्या क्षणी, आवाज न करता, तिचंच शरीर तिचाच डोळा कातरतंय. दुखत पण नव्हतं तिला फारसं. त्याला वाटलं, दुखलं असतं तर बरं.

सोमवारी सकाळी दवाखान्याच्या काउंटरवर फॉर्म भरायचा होता. पांढऱ्या साडीतल्या रमाबाई तिथं बसतात. नातेवाइकानं सही जिथं करायची तिथं त्या फुल्या मारून देतात आणि फॉर्म कोणी वाचत नाही. हितेश मात्र छापलेला कागद वाचल्याशिवाय सही करत नाही, ती त्याची धंद्यातली सवय. तिसऱ्या मुद्द्यात लिहिलं होतं, ‘रुग्णास आजवर सांगितलेली सर्व औषधे नियमितपणे देण्यात आली आहेत.’ फुली तिथंच होती. सही करायला काही लागत नव्हतं. आईनं तोंडी सांगून झालं होतं, आता त्यानं लेखी सांगायचं. तो पेन धरून उभा राहिला. मागं रांग झाली. रमाबाई म्हणाल्या, ‘काय झालं, दादा? पेन चालत नाही का?’ त्यानं पेन खाली ठेवलं आणि तो सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेला. आई आधीच यंत्रापुढे बसलेली होती, हनुवटी पट्टीवर. एक शिकाऊ डॉक्टर मुलगी डोळ्यात जखम दाखवणारा पिवळा रंग घालत होती. हितेश म्हणाला, ‘कॅप्सूल बंद होती. बारा दिवस. आईनं नाही, मी बंद केलेली. मला वाटलं अँटिबायोटिक आहे, कोर्स झाला. गुरुवारी पण मी बोललो नाही.’

एवढं बोलला आणि घाम पुसायला लागला. डॉक्टर योगिनी ओरडतील असं त्याला वाटलं होतं, त्याची त्यानं तयारीही केली होती. त्यांनी केस पेपर पुढं ओढला, गुरुवारच्या नोंदीवर तिरकी रेघ मारली आणि खाली लिहायला लागल्या. ‘मी आज ह्यांना इम्युनिटी दाबायचं औषध सुरू करणार होते,’ लिहिता लिहिता त्या म्हणाल्या. ‘ह्या वयात. माहितेय ना काय होऊ शकतं?’ माहीत होतं. मग त्या यंत्राशी बसल्या, बराच वेळ बघितलं. भोक पडलं नव्हतं. गुरुवारपेक्षा फार वाईट नव्हतं, फार चांगलंही नव्हतं. कलम थांबवू या. आज खळग्यात औषधी गोंद भरून वर लेन्स बसवू, तिच्याच रक्तातलं सीरम काढून थेंब करू, त्यातही कातरणाऱ्यांना आवरणारे असतात. कॅप्सूल चालू. दहा दिवस रोज दाखवा. ‘पण वाचेलच असं मी लिहून देणार नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आणि पहिल्या दिवशी मीही तुम्हाला समजावून सांगायला हवं होतं. फार्मासिस्ट म्हणालात म्हणून सोडलं.’ हे ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

‘आजी,’ डॉक्टर कमळाबाईकडे वळल्या, ‘तुम्हाला कळलं नव्हतं का, एक गोळी कमी झालीय ते?’

‘कसा नाय कलणार?’ कमळाबाई म्हणाली. ‘मना एक डोला तं हाय ना.’

शिकाऊ मुलीला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. डॉक्टर हसल्या नाहीत.

गोंद भरून, लेन्स बसवून, रक्त देऊन बाहेर पडायला दुपार झाली. गाडी आगाराच्या भिंतीला लावली होती. हितेशनं आईला पुढच्या सीटवर बसवलं, तिचा पट्टा लावला, वळसा घालून आपल्या जागेवर बसला. ऊन होतं, काच तापली होती. भिंतीपलीकडे फलाटावर कोणीतरी शहापूर, शहापूर असं ओरडत होतं. त्याला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. ‘तुला ठाऊक होतं तर चालू आहे म्हणून का सांगितलंस?’

‘सांगतलं,’ ती म्हणाली.

‘अगं पण डोळा गेला असता.’

‘गेला असता.’ तिनं पदरानं तोंड पुसलं. ‘तुना कोन कय बोललं नसतं.’

हे अगदी खरं होतं, त्यात तिनं काही वाढवून सांगितलं नव्हतं. कोणी काही बोललं नसतं. धाकूमामा म्हणाला असता, पोरानं आईसाठी लय केलं, ठाण्याला नेलं, ऑपरेशन केलं, आता नशिबात नव्हतं. दिशाही तेच म्हणाली असती. डॉक्टरांनी कागदावर सांध्यांच्या कुठल्यातरी रोगाचं नाव लिहिलं असतं आणि ते नाव तो काउंटरवर चार लोकांना समजावून सांगायला लागला असता. दोन-तीन वर्षांत त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला असता. आणि ही बाई समोर बसून, एका डोळ्यानं माशाचे काटे काढत, रोज त्याचं बोलणं ऐकत राहिली असती. त्यानं चावी फिरवली नाही. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून मोठ्यानं रडायला लागला. येणारी-जाणारी माणसं काचेतून बघत होती. आई शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. ती त्याला गप्प हो म्हणाली नाही.